लाभ, दोन, तीन

दुपारी दीड ते अडीच हा हॉल आमचा.
त्याआधी पोरं असतात, नांदेड-हिंगोलीहून आलेली,
डॉक्टर व्हायला लातुरात राहिलेली.
फळ्यावर त्यांचं फिजिक्स तसंच राहतं:
स्थिर वस्तू स्थिरच राहते
बाहेरून बळ लागेपर्यंत.
आम्रपाली मॅडम ते पुसत नाहीत.
म्हणतात, हे तर तुमच्याबद्दलच लिहिलंय की.

मैनोद्दीन मास्तर, शिंपी,
सुईत दोरा ओवत नाही हे अजून गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.
महानंदाबाई उशीला बुक्के मारतात
आणि मारताना हळूच कुणाचं तरी नाव घेतात.
शिवलिंगप्पा तलाठी होते,
त्यांचं अक्षर ओळीगणिक बारीक होत
सातबाऱ्यावर चालणाऱ्या मुंगीएवढं झालंय.
आणि मी, व्यंकट हालगे,
चाळीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी.

काटा थरथरतो, मग ठरतो, मग आकडा बोलायचा.
ठरेपर्यंत थांबणं हाच माझा धंदा होता.
आता उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत राहतो,
जणू तुरीचा दाणा चोळून बघतोय
ओल किती आहे.
दिवसभर बघतोय.
काटा काही ठरत नाही.

घरी मी ग्लास अर्धाच भरून घेतो.
आम्ही घागरी मोजून जगलेली माणसं,
या गावात पाणी सांडणाऱ्या हाताला काय म्हणतात मला ठाऊक आहे.
सून काहीच म्हणत नाही,
फडकं घेऊन येते.
बोलली असती तर बरं.

मॅडम म्हणतात, मोठं.
हात मोठे, पाऊल मोठं, आवाज मोठा.
हा आजार तुम्हाला बारीक करायलाय,
तुम्ही त्याचं कशाला ऐकायलाव?
उठताना नाक गुडघ्यांच्या पुढे.
वळताना बैलगाडीसारखं, लांबून, गर्रकन नाही.
गाल फुगवा. खोटं खोटं हसा.
शिवलिंगप्पांचा चेहरा वर्षभर कोरा स्टॅम्पपेपर,
त्यावर परवा काहीतरी उमटलं.
हसू होतं की शिंक, यावर आमचा वाद मिटलेला नाही.

माझं दाराशी अडायचं.
पायरी नाही, उंबरा नाही, नुसती चौकट,
पण तिथं आलो की तळवे फरशीला चिकटतात.
मागून बायको म्हणते, चला की हो,
आणि चला म्हटलं की आणखीच.
मॅडमनी निळ्या चिकटपट्टीच्या पाच आडव्या रेघा मारल्या,
टाळ्या वाजवल्या, एक, दोन, एक, दोन.
मी एकलाच उभा.

मग त्यांनी विचारलं,
काका, यार्डात पोती कशी मोजायचे तुम्ही?

एक म्हणायचं नसतं, पोरी.
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
ते लाभ.

मग तसं म्हणा.
म्हणालो. माझं मलाच ऐकू आलं नाही.
मोठं, काका. हमालांना ऐकू जाईल असं.

लाभ!

कुठल्या पोत्याखाली दबून होता तो आवाज?
मागच्या बाकावर डबा खात थांबलेलं एक पोरगं दचकलं
आणि माझा उजवा पाय
पहिल्या रेघेपलीकडे जाऊन पडला.
दोन. तीन.
चारला तोल गेला, मैनोद्दीनभाईंनी कोपर धरलं,
त्यांचा हात हलत होता, माझं कोपर हलत होतं,
कोण कुणाला सावरत होतं सांगता येत नाही.
पाच.
बाहेर बायको माझ्या चपला हातात घेऊन उभी.
चला, मी म्हणालो.

रोज जमतं असं नाही.
गोळीचा असर उतरला की लाभही कामाला येत नाही,
भिंत धरून उभा राहतो, कुणी यायची वाट बघत.
पण रात्री दोन वाजता न्हाणीच्या दारात अडलो
आणि अंधारात ओरडलो, लाभ,
की आतल्या खोलीतून, झोपेतच,
नातू ओरडतो,
दोन!